उरलेल्या मिलिमीटरांचा हिशेब

मोटारीचे इंजिन मूळ क्षमतेपलीकडे नेऊ पाहणाऱ्यांमध्ये कनेक्टिंग रॉड किती लांबीचा घ्यावा हा प्रश्न जितक्या हिरिरीने चर्चिला जातो, तितक्या हिरिरीने रॉडचे पोलाद, त्याच्या बोल्टांचा ताण किंवा सिलिंडरच्या बोअरची गोलाई यांची चर्चा क्वचितच होते. लांब रॉड बसवला की पिस्टन वरच्या टोकाशी अधिक वेळ रेंगाळतो, ज्वलनाचा दाब पुरता वापरला जातो आणि ताकद वाढते, असे एक मत आहे. आखूड रॉडने पिस्टन लवकर खाली खेचला जातो, सिलिंडर लवकर भरू लागतो आणि कमी वेगातही इंजिन तरतरीत वाटते, असे दुसरे. दोन्ही मतांत यंत्रशास्त्राचा अंश आहे आणि दोन्ही मते त्या अंशाला त्याच्या वकुबापेक्षा कितीतरी मोठे करतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात इंजिने आणि त्यांचे सुटे भाग घडवण्यावर कुटुंबांच्या पिढ्या उभ्या राहिल्या आहेत. निदान इथे तरी या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीने न देता आकड्यांनी दिले पाहिजे. रॉडची लांबी हा इंजिन बांधणाऱ्याचा पहिला निर्णय नसून इतर सर्व निर्णय झाल्यावर उरलेल्या जागेचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबावर खर्च होणारे लक्ष व पैसा रॉड कसा घडवला, कसा तपासला आणि कसा आवळला यावर खर्च व्हायला हवा, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कनेक्टिंग रॉड हा पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणारा दांडा होय. त्याच्या वरच्या टोकातून, म्हणजे स्मॉल एंडमधून, पिस्टनची पिन जाते. खालचे टोक, म्हणजे बिग एंड, दोन भागांचे असते आणि ते बेअरिंगसह क्रँकपिनला वेढून बसते. रॉडची लांबी सांगताना त्याचे एकूण माप सांगत नाहीत, तर या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर सांगतात. पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढा सरकतो तेवढा त्याचा स्ट्रोक, त्याच्या निम्मी क्रँकची त्रिज्या, आणि पिस्टन अगदी वर असतानाची स्थिती म्हणजे टीडीसी. रॉडच्या लांबीला स्ट्रोकने भागले की रॉड-गुणोत्तर मिळते, आणि रस्त्यावरच्या बहुतेक मोटारींत ते दीड ते पावणेदोनच्या दरम्यान असते. भिंतीला टेकवलेल्या दोन शिड्यांचे पाय भिंतीपासून सारख्याच अंतरावर ठेवले, तर आखूड शिडी अधिक तिरपी राहते आणि पाय बाहेर सरकवताना तिचे वरचे टोक अधिक वेगाने खाली येते. रॉड आखूड केल्यावर पिस्टनच्या बाबतीत नेमके हेच घडते. या तिरपेपणामुळेच क्रँक टीडीसीपासून ९० अंश फिरतो तेव्हा पिस्टन अर्ध्या वाटेवर नसतो, अर्ध्याच्या बराच पुढे गेलेला असतो. तो टीडीसीजवळ अधिक झपाट्याने हलतो आणि तळाशी अधिक रेंगाळतो. रॉड अनंत लांबीचा असता तर ही विषमता नाहीशी झाली असती, आणि लांब रॉडच्या पुरस्कर्त्यांचा सगळा युक्तिवाद या विषमतेच्या कमीजास्तपणावर उभा आहे.

पण लांबी मनाप्रमाणे निवडता येते, हे गृहीतकच आधी तपासावे लागते. क्रँकशाफ्टच्या केंद्रापासून सिलिंडर हेड बसते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, म्हणजे ब्लॉकची डेक-उंची, कास्टिंगचा साचा आणि ब्लॉकचे मशीनिंग ठरते तेव्हाच ठरून जाते. त्या अंतरात तीन मापे एकावर एक रचली जातात: क्रँकची त्रिज्या, रॉडची लांबी, आणि पिनच्या केंद्रापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचे अंतर, ज्याला कॉम्प्रेशन हाइट म्हणतात. पिस्टनचा माथा आणि डेक यांच्यात उरते ते अंतर मिलिमीटरच्या दशांशांत मोजावे लागते. एक माप वाढले की दुसरे घटलेच पाहिजे, आणि यांतले पहिले माप बहुधा रॉडचा विचार सुरू होण्यापूर्वीच कोणीतरी ठरवलेले असते.

ते किती निराळ्या कारणांनी ठरते याचे बोलके उदाहरण पिंपरीतच सापडते. १९९८ च्या अखेरीस सादर झालेल्या आणि टाटांच्या पिंपरी कारखान्यात तयार होणाऱ्या इंडिकाच्या इंजिनाचा बोअर ७५ मिमी आणि स्ट्रोक ७९.५ मिमी होता, आणि चार सिलिंडरांची मिळून क्षमता १,४०५ सीसी होत होती. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले, आणि त्यानंतर इंडिका झेटा १,१९३ सीसीच्या इंजिनासह आली. बोअर तोच ठेवून हा आकडा गाठायचा तर स्ट्रोक ६७.५ मिमी होतो, म्हणजे क्रँकची त्रिज्या ६ मिमीने घटते. हे ६ मिमी हवेत सोडून देता येत नाहीत. ब्लॉक, रॉड किंवा पिस्टन यांपैकी कोणाला तरी ते भरून द्यावेच लागतात. ज्या रॉडच्या लांबीभोवती पंथ उभे राहिले आहेत, तिच्या हिशेबात दिल्लीतल्या एका करविषयक व्याख्येने असा हात घातला होता. चाकणच्या बजाज कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचा बोअर ८९ मिमीच राहून स्ट्रोक २०२३ मध्ये आलेल्या नव्या पिढीत ६० वरून ६४ मिमी झाला, आणि ३७३ सीसीचे इंजिन ३९९ सीसीचे झाले. तिथेही त्रिज्येत वाढलेल्या २ मिमींचा हिशेब कोणाला तरी करावाच लागला असणार. कारखाना स्ट्रोक बदलतो तो क्षमतेसाठी, करासाठी, प्रदूषणाच्या मर्यादांसाठी, आणि रॉड त्यामागून येतो. इंजिन बांधणाऱ्यानेही क्रम हाच ठेवावा, कारण भूमितीने दुसरा क्रम ठेवलेलाच नाही.

आता लांबीचा परिणाम खरोखर किती, हे मोजले पाहिजे, आणि त्यासाठी कल्पित इंजिन घेण्याचे कारण नाही. फोक्सवॅगन समूहाने ९२.८ मिमी स्ट्रोकचा क्रँक दोन निरनिराळ्या उंचींच्या ब्लॉकांत वापरला आहे: २२० मिमी उंचीच्या ब्लॉकात १४४ मिमीचा रॉड आणि २३६ मिमी उंचीच्या ब्लॉकात १५९ मिमीचा. पहिल्याचे गुणोत्तर १.५५, दुसऱ्याचे १.७१. हौशी चर्चेत पहिला आकडा वाईट आणि दुसरा उत्तम मानला जातो. महाराष्ट्रातल्या इंजिन बांधणाऱ्यांना हे कुटुंब परके नाही: औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जुळवल्या गेलेल्या ऑक्टेव्हियाच्या १.८ लिटर टर्बो इंजिनात ८६.४ मिमीचा स्ट्रोक आणि १४४ मिमीचाच रॉड असे, आणि त्याच ब्लॉकात ९२.८ मिमीचा क्रँक बसवून क्षमता वाढवणे हा या इंजिनावरचा सर्वांत रुळलेला प्रयोग आहे. तो करताना क्रँकची त्रिज्या ३.२ मिमीने वाढते, रॉड तसाच राहतो आणि सगळा भार पिस्टनवर येतो, ज्याची पिन ३.२ मिमी वर सरकवावी लागते.

समान स्ट्रोकच्या या दोन रॉडांची तुलना केली, तर क्रँक टीडीसीच्या पुढे १० अंश गेलेला असताना १४४ मिमीच्या रॉडचा पिस्टन ०.९३ मिमी खाली आलेला असतो आणि १५९ मिमीच्या रॉडचा ०.९१ मिमी. फरक दोन शतांश मिलिमीटरचा. २० अंशांवर ही अंतरे ३.६७ आणि ३.५९ मिमी होतात, म्हणजे फरक आठ शतांश मिलिमीटरचा. त्या ठिकाणी क्रँकच्या प्रत्येक अंशागणिक पिस्टन सुमारे ०.३६ मिमी सरकत असतो. तेव्हा तब्बल १५ मिमीने अधिक लांब रॉडने पिस्टनच्या रेंगाळण्यात घडवलेला बदल क्रँकच्या पाव अंशाहूनही कमी भरतो. प्रज्वलनाची वेळ जुळवताना ट्यूनर एका बैठकीत याच्या कितीतरी पट बदल करून पाहतो. लांब रॉडने नॉकिंग वाढते किंवा आखूड रॉडने ते टळते, या दोन्ही विधानांना आधार द्यायला हा पाव अंश पुरेसा नाही. ९.५ कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनात २० अंशांवर सिलिंडरमधील आकारमानात पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या जरा वर जातो, आणि पेट्रोलच्या ऑक्टेनमधला, इंटरकूलरच्या तापमानातला किंवा साध्या कार्बनच्या थरातला फरक त्याला सहज झाकून टाकतो. सिलिंडर भरण्याच्या बाबतीतही स्थिती वेगळी नाही: क्रँक ९० अंशांवर असताना एका पिस्टनने स्ट्रोकचा ५८.३ टक्के भाग पार केलेला असतो आणि दुसऱ्याने ५७.५ टक्के, आणि कॅमशाफ्टची वेळ दोन अंश पुढेमागे केल्याने श्वसनावर होणारा परिणाम याहून ठळक असतो.

ताणाच्या बाबतीतही आकडे असेच बोलतात. टीडीसीला पिस्टन थांबून उलट फिरतो तेव्हा त्याचा प्रवेग सर्वाधिक असतो, आणि क्रँकची त्रिज्या, फिरण्याच्या वेगाचा वर्ग, व त्रिज्येला रॉडच्या लांबीने भागून आलेल्या आकड्यात एक मिळवलेला गुणक, या तिघांच्या गुणाकाराने तो ठरतो. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर ९२.८ मिमी स्ट्रोकच्या आणि १४४ मिमी रॉडच्या इंजिनात हा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,३६० पट होतो. पिस्टन, पिन, कड्या आणि रॉडचा वरचा भाग मिळून ६०० ग्रॅम धरले, तर उत्सर्जनाच्या फेरीअखेर, जेव्हा खाली दाबणारा वायूचा भार जवळपास नसतो, रॉडला आणि त्याच्या दोन बोल्टांना सुमारे दोन टनांची ओढ सोसावी लागते, आणि ती सेकंदाला ५८ वेळा. १५९ मिमीचा रॉड ही ओढ किती कमी करतो? २.३ टक्के. तेवढ्याच ताणात इंजिन ७,००० ऐवजी ७,०८० फेरे घेऊ शकेल, याहून जास्त काही त्यातून निघत नाही. उलट फेऱ्यांची मर्यादा ७,००० वरून ७,५०० वर नेली की ओढ जवळपास १५ टक्क्यांनी वाढते, आणि पिस्टनच्या संचातून ६० ग्रॅम कमी केले की ती १० टक्क्यांनी उतरते. ज्याला बोल्ट वाचवायचा आहे त्याने रॉडच्या लांबीकडे न पाहता पिस्टनच्या वजनाकडे आणि टॅकोमीटरच्या काट्याकडे पाहावे.

लांबीचा एक परिणाम मात्र खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. रॉड तिरपा असताना पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर दाबला जातो. हा बाजूचा दाब रॉडच्या कोनाबरोबर वाढतो. वरच्या दोन रॉडांचा कमाल कोन अनुक्रमे १८.८ आणि १७ अंश आहे, आणि ज्वलनाचा दाब जोरात असतो त्या टीडीसीपुढच्या पंधरा-वीस अंशांत लांब रॉडमुळे भिंतीवरील दाब साडेनऊ टक्क्यांनी कमी होतो. घर्षण, पिस्टनच्या स्कर्टची झीज आणि बोअर लंबगोल होणे यांच्याशी या आकड्याचा थेट संबंध आहे. लाखभर किलोमीटर चालायच्या इंजिनात तो महत्त्वाचा ठरतो. सरळ रेषेतील चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाने होणारे जे कंपन उरते, ज्याला दुय्यम असंतुलन म्हणतात, तेही रॉड-गुणोत्तराच्या व्यस्त प्रमाणात असते आणि लांब रॉडने जवळपास तितक्याच टक्क्यांनी शमते. म्हणजे लांब रॉडचा खरा लाभ शांतता आणि आयुष्य हा आहे. हे गुण कारखान्याच्या अभियंत्याला मोलाचे वाटतात. शर्यतीचे इंजिन बांधणारा मात्र ज्या ताकदीसाठी लांब रॉड मागतो, ती देण्याचा गुण त्यात जवळपास नाही. १.५५ गुणोत्तराचे दोन लिटरचे टर्बो इंजिन घेऊन २०१७ मध्ये भारतात आलेल्या ऑक्टेव्हिया आरएसने २३० हॉर्सपॉवर कारखान्याच्या हमीसह दिले. त्या हमीपुढे गुणोत्तराच्या चांगल्या-वाईटपणाची चर्चा फिकी पडते.

मग हा समज इतका खोल रुजला कसा? त्याचे मूळ अमेरिकन व्ही-८ इंजिनांच्या शर्यतींत आहे. शेव्हरोलेच्या ३५० घनइंचाच्या इंजिनात ५.७ इंचांचा रॉड येत असे. शर्यतवाल्यांनी त्या जागी ६ इंचांचा बसवला, इंजिने खरोखर अधिक चालली, आणि स्मोकी यूनिकसारख्या नामांकित बांधणाऱ्याने ब्लॉकात मावेल तितका लांब रॉड घालावा असा आग्रह धरला. पण ६ इंचांचा रॉड मावण्यासाठी पिस्टनची पिन वर सरकवावी लागली, पिस्टन आखूड आणि हलका झाला, कड्या बारीक आल्या, आणि रॉडही कारखान्याच्या रॉडहून चांगल्या पोलादाचा आला. लाभ या सर्वांचा मिळून होता आणि श्रेय मात्र एकट्या लांबीला गेले. होंडाच्या बी१६बी इंजिनाबद्दलही असेच घडते. १९९७ च्या सिव्हिक टाइप आरमधील या इंजिनात ७७.४ मिमी स्ट्रोकला १४२.४ मिमीचा रॉड होता, तर त्याच स्ट्रोकच्या बी१६ए मध्ये सुमारे १३४ मिमीचा. पण बी१६बी मोठ्या भावंडाच्या उंच ब्लॉकावर बांधलेले होते, त्याचे कॅम, हेड आणि कॉम्प्रेशन रेशो वेगळे होते, आणि त्या १८५ हॉर्सपॉवरमधून रॉडचा वाटा वेगळा काढून दाखवणे कोणाला शक्य नाही. ज्या प्रयोगात पाच गोष्टी एकदम बदलतात त्याचा निष्कर्ष एका गोष्टीच्या नावावर लिहिणे ही शास्त्रीय चूक आहे, मग ती करणारा कितीही शर्यती जिंकलेला असो.

शिवाय फोक्सवॅगनच्या उदाहरणात १५ मिमींची वाढ मिळाली ती १६ मिमी उंच आणि जड ब्लॉकाच्या मोबदल्यात. ज्याच्या टेबलावर एक ठरावीक ब्लॉक आहे त्याला ही चैन नाही. २२० मिमीच्या ब्लॉकात ९२.८ मिमीचा क्रँक आणि १४४ मिमीचा रॉड बसवल्यावर पिस्टनच्या वाट्याला २९.६ मिमी उरतात. त्यातून फार तर तीन-चार मिलिमीटर रॉडला देता येतील, आणि मग वर सांगितलेल्या तुटपुंज्या लाभांचा जेमतेम चौथा हिस्सा हाती येईल. त्या बदल्यात पिन कड्यांच्या खोबणीपर्यंत चढते, पुष्कळदा ऑइल रिंगची खोबण पिनच्या छिद्राने कापली जाते आणि तिथे आधाराची वेगळी पट्टी घालावी लागते. पिस्टनचा माथा आणि पहिली कडी यांच्यातली धातूची भिंत पातळ करावी लागते, आणि टर्बोच्या दाबाखाली अशी पातळ भिंत तुटण्याचा धोका वाढतो. आखूड स्कर्टचा पिस्टन बोअरमध्ये डुलतो, कडी भिंतीला सपाट टेकत नाही आणि तेल वर येते. रॉडवर दाबाचा भार मोठा असतो तिथे आणखी एक अडचण आहे: आडव्या छेदाचे माप तेच ठेवून रॉड १४४ वरून १५९ मिमी केला, तर तो वाकण्याचा सैद्धांतिक भार १८ टक्क्यांनी उतरतो. प्रत्यक्ष रॉड इतके सडपातळ नसल्याने घट त्याहून कमी असते, पण दिशा तीच राहते, आणि ती भरून काढायला रॉड जाड केला की वजन वाढते. दुसऱ्या टोकाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते: फार आखूड रॉडने पिस्टन तळाला आला की त्याचा स्कर्ट क्रँकच्या काउंटरवेटवर आदळतो. या मर्यादेला मात्र कोणतीही तडजोड नाही, आणि कोरे बेअरिंग घालून हाताने क्रँक फिरवत ती तपासल्याशिवाय इंजिन बंद करू नये.

रॉडमध्ये खरे लक्ष घालण्याजोगे काय आहे, हे शोधायला या पट्ट्यातून फार दूर जावे लागत नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मुंढव्याच्या भारत फोर्जने क्रँकशाफ्ट, पुढच्या अॅक्सलचे बीम आणि कनेक्टिंग रॉड घडवण्याचे जे काम उभे केले, त्याच्या आगेमागे पुणे ते चाकण या टापूत फोर्जिंग, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट आणि गेजिंग यांची साखळी तयार झाली. तापवलेला पोलादी तुकडा साच्यात दाबला जातो तेव्हा धातूचे तंतू रॉडच्या आकाराला धरून वळतात, आणि थकव्याने पडणाऱ्या चिरेला त्यांना छेदून जावे लागते. लाखो रॉडांच्या उत्पादनात फोर्जिंग टिकून राहिले त्याचे एक मोठे कारण हे. मोटारींच्या अनेक आधुनिक इंजिनांतले रॉड सी७० जातीच्या अधिक कार्बनयुक्त पोलादाचे असतात आणि त्यांचा बिग एंड करवतीने न कापता तोडला जातो: छिद्राच्या आतल्या बाजूस लेसरने दोन बारीक खाचा मारतात, आत पाचर सरकवून एका झटक्यात कॅप वेगळी करतात, आणि तुटलेल्या करड्या, दाणेदार पृष्ठभागाला पुन्हा हत्यार लावत नाहीत. प्रत्येक रॉडचा हा भंग वेगळा असतो. कॅप आपल्याच रॉडवर ठेवली तर खाचखळगे एकमेकांत असे बसतात की सांधा नखाला जेमतेम लागतो, दुसऱ्या रॉडची कॅप ठेवली तर ती डगमगते. म्हणूनच इंजिन उघडताना चारही कॅपांवर क्रमांक न घालणारा मेकॅनिक चार चांगले रॉड एकदम निकामी करू शकतो.

बोल्टाचा विषयही असाच उपेक्षित आहे. रॉडचा बोल्ट आवळताना लावलेल्या जोराचा फार मोठा भाग, ढोबळमानाने दहातले नऊ हिस्से, डोक्याखालच्या आणि आट्यांवरच्या घर्षणात खर्च होतो आणि उरलेला एक हिस्सा बोल्टाला ताणतो. वंगण बदलले की टॉर्क-रेंचवरचा आकडा तोच राहूनही बोल्टातला ताण बराच बदलतो. त्यामुळे शर्यतीच्या इंजिनात बोल्ट किती ताणला गेला हे दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावून मोजतात. ही लांबवाढ साधारण एक ते दीड दशांश मिलिमीटरची असते, आणि ती कमी पडली तर दोन टनांच्या ओढीखाली सांधा प्रत्येक फेरीत किंचित उघडतो व बोल्ट थकून तुटतो. तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला दिसतो तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष रॉडकडे जाते, पण पुष्कळदा सुरुवात बोल्टापासून झालेली असते.

अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरील ड्रॅग शर्यतींसाठी मोटार बांधणारा असो किंवा फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी केटीएम ३९० चे इंजिन वापरणारा विद्यार्थ्यांचा संघ, लांबीचा मोह दोघांनाही पडू शकतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो विशेष खेदाचा आहे. त्यांच्या स्पर्धेचा नियम पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिमी व्यासाच्या एकाच छिद्रातून घ्यायला लावतो, आणि एका सिलिंडरचे इंजिन ती हवा सलग न ओढता हिसक्याहिसक्याने ओढते. तिथे छिद्र आणि इंजिन यांच्यामधल्या प्लेनमचे आकारमान, नळीची लांबी आणि इंधनाचा नकाशा यांवर महिनाभर घालवला तर तो डायनोवर दिसतो. चाकणला बनलेले इंजिन, त्याचा मूळ रॉड न बदलता, या मुलांना उष्णतागतिकीपासून नियंत्रणशास्त्रापर्यंत जे शिकवू शकते ते परदेशी कॅटलॉगातून मागवलेला एक लांब रॉड शिकवू शकत नाही.

मूळ रॉड ताकदीला खरोखरच अपुरा पडत असेल, आणि टर्बोचा दाब वाढवलेल्या इंजिनात तो पडतोच, तर नवा संच घ्यावा लागतो. मोठ्या फोर्जिंग कारखान्याला चार रॉडांची मागणी परवडत नाही, कारण साच्यांचा खर्च हजारो नगांवर वाटला तरच निघतो. म्हणून असे रॉड पोलादाच्या ठोकळ्यातून सर्व बाजूंनी मशीन करून काढतात, आणि भोसरीच्या एमआयडीसीत व्हीएमसीवर जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखान्यांना हे काम यंत्रसामग्रीच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. त्यासाठी लागणारे ईएन२४ हे पोलाद तिथे रोजच्या वापरातले आहे आणि शर्यतीच्या रॉडांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ४३४० पोलादाच्या ते अगदी जवळचे आहे. इंजिन बांधणारा तिथे जातो तेव्हा बहुधा नमुन्याचा रॉड टेबलावर ठेवतो आणि ‘असाच, पण दोन मिलिमीटर लांब’ असे सांगतो; उरते ते सगळे कारागिराच्या अंदाजावर सोडले जाते. त्याने द्यायला हवे ते ड्रॉइंग, आणि त्यावर हीट ट्रीटमेंटनंतरची कठिणता कोणत्या मर्यादांत हवी, बोल्टाचे डोके टेकते त्या कोपऱ्याची त्रिज्या किती, बिग एंडचा बोअर बोल्ट पूर्ण ताणून आवळल्यावर किती मायक्रॉनपर्यंत गोल हवा, दोन्ही छिद्रे एकमेकांना किती समांतर, हत्याराच्या खुणा रॉडच्या लांबीच्या दिशेने पॉलिश करून मग शॉट पीनिंग करायचे की नाही, आणि शेवटी चुंबकीय कणांनी चिरांची तपासणी कोण करणार, हे सर्व लिहिलेले असायला हवे. केंद्रांमधील अंतराची ओळ त्या ड्रॉइंगवर असतेच, पण तिच्यापुढच्या १४४ या आकड्यापेक्षा त्याला जोडलेली मर्यादा अधिक काळजीने लिहावी लागते: चारही रॉड एकमेकांशी दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत जुळले, तर चारही पिस्टन डेकशी सारख्याच अंतरावर येतात, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे राहते आणि प्रज्वलनाचा एकच नकाशा चौघांना लागू पडतो.